कनूचा काठ वाकवताना पट्टी तुटते? या चुका टाळा

कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी. तिच्या काठाची लाकडी पट्टी वाफेच्या पेटीत उकडून मऊ केली, साच्यावर चढवली आणि 'कट्ट' झालं, की सगळा राग वाफेवर निघतो. पुढची पट्टी दीड तास उकडली जाते. तीही तुटते. सीडरच्या फळ्यांवर कॅनव्हास चढवलेल्या अमेरिकेतल्या मेन आणि कॅनडातल्या ओंटारिओकडच्या जुन्या कनूंचा काठ बदलताना हे हमखास होतं. खरं तर निकाल बहुतेकदा लाकूड विकत घेतलं त्याच दिवशी लागलेला असतो.

दुकानातलं ॲश किंवा व्हाइट ओक बहुधा भट्टीत सुकवलेलं असतं. ते आठवडाभर पाण्यात ठेवलं तरी हवेवर सुकलेल्या लाकडासारखं वळत नाही. आरागिरणीतून १५ ते २० टक्के ओल असलेलं लाकूड मिळालं तर तेच घ्या. मग लाकडातल्या तंतूंची रेषा बघा. वळणाच्या जागी ती तिरकी होऊन पट्टीच्या कडेतून बाहेर पडत असेल, तर पट्टी तिथेच सोलणार. मी एकदा 'एवढ्याने काय होतंय' म्हणत अशीच पट्टी रंधून, कडा गोल करून वाकवायला घेतली होती. दोन संध्याकाळींचं सरपण झालं. महोगनी तर रेषा सरळ असली तरी रुसते. तिथे पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून वळण घेतलेलं बरं.

वाफेचा अंदाज जाडीच्या दर इंचाला एक तास, म्हणजे पाऊण इंचाला ४५ मिनिटं. पण घड्याळ कधी लावायचं? पाणी उकळलं तेव्हा नव्हे, पेटीच्या लांबच्या टोकाचा थर्मामीटर १०० अंशांच्या जवळ आला तेव्हा. मोदकपात्रासारखंच मधेच पाणी आटू देऊ नका. उगाच जास्त उकडलं तर वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. पेटी हवाबंद करू नका, वाफेला वाट ठेवा. पेटी म्हणून पीव्हीसीचा पाइप घेतलात, तर तो उष्णतेने लोंबतो.

वाफवलेलं लाकूड दाबलं जातं खूप, पण ताणलं जातं जेमतेम एक-दोन टक्के. म्हणून तुटतं ते बाहेरच्या अंगाला. त्या बाजूने स्टीलची पट्टी लावा आणि तिच्या दोन्ही टोकांना लाकूड घट्ट अडेल असे ठोकळे बसवा. बाहेरचा ताण स्टील झेलतं. साधं लोखंड मात्र ओकला काळे डाग पाडतं.

पेटी उघडल्यावर हातात अर्धं-पाऊण मिनिट असतं. क्लॅम्प शोधत बसायला तेवढा वेळ पुरत नाही, तेव्हा आधी थंड पट्टीवर एक तालीम करा. हातमोजे हवेतच. पट्टी किमान आठवडाभर साच्यावर राहू द्या. सोडल्यावर ती थोडी उलगडतेच, म्हणून साच्याचं वळण हवं त्यापेक्षा जरा जास्त ठेवा.

आणि सडलेला जुना काठ आधीच फेकू नका. टोकाचं वळण प्लायवूडवर उतरवून घ्यायला त्याच्यासारखा नमुना नाही. तोच गेला असेल, तर उजवी-डावी दोन्ही टोकं एकाच फळीतून कापून एकाच साच्यावर वाकवा. नाहीतर होडीचं एक नाक वर आणि एक खाली.