हत्तीचं अनाथ पिल्लू: बचावापासून जंगलात परतण्यापर्यंत या चुका टाळा

एकटं दिसलेलं हत्तीचं प्रत्येक पिल्लू अनाथ नसतं. बरीच पिल्लं चहाच्या मळ्यातल्या चरात पडलेली, पुरात वाहून आलेली किंवा फटाक्यांनी बिथरलेल्या कळपामागे राहिलेली असतात. अशा वेळी आई बहुधा त्याच जंगलात असते आणि अंधार पडायची वाट पाहत असते. तिची वाट अडवणारी गर्दीच पिल्लाला अनाथ करते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. 2002 पासून कर्नाटकातून दोडामार्ग-तिलारी भागात आणि 2021 पासून छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत हत्ती येत आहेत. पिल्लू दिसलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि लोकांना मागे घ्या.

चूक 1: उचलून गाडीत घालणं

पिल्लू खड्ड्यात असेल तर दोरीने ओढू नका. मान किंवा पाय सटकतो. जेसीबीने एका बाजूची माती कापून तिरका उतार करा, यंत्र बाजूला घ्या, माणसं हटवा, पिल्लू स्वतः चढतं. विहीर खोल असेल तर तिच्यात हळूहळू पाणी सोडतात. हत्ती तरंगतो आणि पातळीबरोबर वर येतो. झारखंडच्या गुमला जिल्ह्यात 2020 साली हाच उपाय केला गेला.

बाहेर आलेल्या पिल्लाला कळपाच्या मार्गावर, सावलीत ठेवायचं आणि लांबून नजर ठेवायची. कमीत कमी लोकांनी हात लावायचा. हात लागलाच असेल तर आंघोळ घालून अंगाला तिथलीच माती चोळायची, म्हणजे माणसाचा वास कमी होतो. 2023 च्या डिसेंबरात अनामलाई भागात वनविभागाने ड्रोनने कळप शोधून अशीच भेट घडवली. पिल्लाला ताकद असेल तोवर प्रयत्न करत राहायला हरकत नाही. डोळे खोल गेले असतील, पिल्लू उभं राहत नसेल किंवा जखम असेल, तरच ते उचलायचं.

चूक 2: गाईचं दूध

बरीच पिल्लं इथे दगावतात. माणसं मायेने बादलीभर दूध आणतात, गाईच्या दुधातली चरबी पिल्लाला पचत नाही, हगवण लागते आणि शरीरातलं पाणी संपतं. केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी अनेक वर्षं प्रयोग करून माणसाच्या बाळाची दूधपावडर आणि खोबरेल यांचा मेळ बसवला. त्यातून पुढे बाटलीवर पिल्लं वाढवण्याची पद्धत रुळली.

आधी मीठ-साखरेचं पाणी, मग पहिल्या दिवशी पावडरचं दूध अर्ध्या ताकदीचं, हा क्रम मोडू नका. नवजात पिल्लू साधारण 100 किलोचं असतं आणि त्याला दिवसाला सुमारे 10 ते 12 लिटर दूध लागतं. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, म्हणजे आठ वेळा सव्वा ते दीड लिटर. दूध अंगाच्या तापमानाचं हवं. एका वेळी जास्त पाजून रात्रीची पाळी चुकवणं हा आळस महागात पडतो.

बाटली कशी धरता यालाही महत्त्व आहे. पिल्लू सोंडेने नाही, तोंडाने पितं आणि पिताना सोंड कशावर तरी टेकवायला हवी असते. आईचं पोट नसलं की ते चाचपडत राहतं, चोखत नाही. म्हणून उंचावर जाड घोंगडी टांगतात. सोंड तिला टेकली की पिल्लू निवांत होतं, आणि बाटली तिच्याआडून येते. पिल्लू उभं असतानाच पाजा. निपलचं भोक मोठं असेल तर दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. दूध नाकावाटे बाहेर आलं, तर तिथेच थांबा.

हगवण सुरू झाली तर आधी दूध पातळ करा, क्षारांचं पाणी वाढवा, रोज वजन करा आणि पशुवैद्यकाला विष्ठेचा नमुना द्या. अंदाजाने प्रतिजैविकं सुरू केली तर आतड्यातले उपयोगी जिवाणूही जातात. पिल्लू मोठ्या हत्तीची लीद खातं, ते किळसवाणं वाटून हाकलू नका. त्याला हवे असलेले जिवाणू तिथूनच मिळतात. लीद निरोगी हत्तीची मात्र हवी.

एक ते आठ वर्षांच्या आशियाई पिल्लाचं डोकं-मान सुजली, जीभ निळसर झाली, ते मलूल झालं, तर हत्तींच्या हर्पीस विषाणूची शंका घ्या. एक-दोन दिवसांतच मृत्यू येऊ शकतो, त्यामुळे अहवालाची वाट न पाहता पशुवैद्यक औषध सुरू करतात.

चूक 3: एकाच माणसाचा लळा

डॅफ्नी यांनी आयशा नावाचं हत्तीचं पिल्लू एकटीने वाढवलं होतं. डॅफ्नी स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी बाहेरगावी गेल्यावर आयशाने खाणंपिणं सोडलं आणि ती मेली. तेव्हापासून नैरोबीतल्या त्यांच्या केंद्रात रात्री पिल्लाशेजारी झोपणारा माणूस रोज बदलतो. पिल्लाची खरी ओढ इतर पिल्लांकडे राहायला हवी.

श्रीलंकेत उडवलवेला 1995 साली सुरू झालेल्या केंद्रात याच्याही पुढे जातात. पिल्लं दिवसभर उद्यानात चरतात, दूध प्यायला तेवढी येतात, आणि पर्यटकांना ती लांबूनच पाहता येतात. आपल्याकडे पाहुणे आले की केळी देऊन सेल्फी घेतात. ही मौज बंदच करायला हवी. केळ्याची चटक लागलेला हत्ती पुढे बागायतीत घुसतो, आणि तिथे त्याला कोणी ‘अनाथ’ म्हणून पाहत नाही.

चूक 4: एकट्याला, घाईने सोडणं

पिंजऱ्याचं दार उघडून निघून येणं म्हणजे परत सोडणं नव्हे. दूध साधारण दोन-तीन वर्षं चालतं. त्यानंतरही सोबतीचा गट, पाणी, चारा आणि आसपास रानटी कळप, हे सगळं लागतं. उडवलवेत साधारण पाच वर्षांच्या पिल्लांना गटाने सोडतात. काझीरंगाजवळच्या केंद्रातली पिल्लं मानसला नेऊन टप्प्याटप्प्याने मोकळी केली जातात. केनियातल्या त्सावो उद्यानातल्या केंद्रांतून हत्ती दिवसा जंगलात आणि रात्री गोठ्यात, असे काही वर्षं ये-जा करतात, मग एखाद्या दिवशी परतत नाहीत. कधी परतायचं नाही हे त्यांनाच ठरवू द्या.

शेतीलगत आणि पिकं उभी असताना सोडू नका. मोठ्यांना रेडिओ कॉलर (माग काढायचा गळपट्टा) घाला, पण गळ्यात वाढायला जागा ठेवा, नाहीतर पट्टा कातडीत रुततो. त्सावोत इथुंबाच्या केंद्रावर मोकळ्या झालेल्या माद्या पुढे आपली पिल्लं घेऊन येतात. असा हत्ती आला म्हणून पुनर्वसन फसलं असं समजून त्याला पुन्हा कोंडू नका, हाकलूनही लावू नका. पाण्याच्या टाकीपाशी त्याला येऊ द्या, खायला काही देऊ नका आणि फाटक उघडंच ठेवा.