ओटीचा हिशेब आपल्या वहीत

एक्सपोर्टचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात युनियनची गोष्ट काढली की बाया आधी विचारतात, "ताई, पुरावा काय?" मी अंधेरीला ओव्हरलॉक शिलाई मशीनवर बसायचे, तेव्हापासून सांगत आलेय: पुरावा आपणच तयार करायचा, आणि तो ओटीच्या, म्हणजे ओव्हरटाइमच्या, वहीपासून.

शिवलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. ती घरीच ठेवा. रोज रात्री, त्याच दिवशीचं लिहा. भोंग्याची वेळ नको, गेटबाहेर पडल्याची हवी. शिपमेंट जवळ आली की साडेपाचला कार्ड पंच करून घेतात आणि बाई पुन्हा मशीनवर बसते. ते तास कार्डावर येतच नाहीत. "१४ तारीख, लाईन ३, कॉलर, पंच ५.३०, गेट ८.१०" एवढी ओळ पुरते. चुकलं तर रेघ मारून पुढे लिहा, पान फाडू नका.

मग पैसे. ओटीला दुप्पट दर १९४८ च्या कारखाने कायद्यात होता, नव्या कामगार संहितांतही आहे. समजा पगार १३,००० रुपये. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला ६२.५०, ओटीच्या तासाला १२५. स्लिपवर ६२.५० नेच ओटी लावला असेल, तर तुमचे अर्धे पैसे बुडाले. पाकिटातून रोख मिळाले तर तेही लिहा.

एकटीच्या वहीला कोणीही खोटं म्हणेल. एकाच लाईनीतल्या चार-पाच जणींच्या वह्या जुळल्या की तसं म्हणणं जड जातं. त्या पडताळायला गेटवरच्या टपरीवर बसू नका. रविवारी भिशीच्या निमित्ताने कोणाच्या तरी घरी जमा. कारखान्याचं रजिस्टर, बंडलचं तिकीट (कापलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी), काहीही उचलू नका. चोरीचा आळ घालायला तेवढं पुरतं.

सात जणी मिळाल्या की युनियन झाली, असं सगळे सांगतात. अर्जाला सात सह्या चालतात, हे खरं. पण नोंदणीला कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तितके सभासद लागतात. चारशेच्या युनिटात चाळीस. तेवढ्या पक्क्या होईपर्यंत अर्ज थांबवा. सातच नावं फुटली तर त्याच सात जणींना "काम कमी आहे" म्हणून घरी बसवतात. युनियनसाठी काढणं बेकायदा आहे, पण ते सिद्ध करण्यात वर्षं जातात आणि खोलीचं भाडं काही थांबत नाही.

चाळीस जमवताना धागे कापणाऱ्या हेल्परना आधी भेटा. शिपमेंटच्या रात्री सगळ्यांत उशिरापर्यंत त्याच थांबतात.