जुनी साहसकथा आणि शब्दांची वही

जुनी सागरी साहसकथा हवी असेल, तर कोल्हापुरात १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिर या ग्रंथालयात शोधा. ज्यूल व्हर्न भा. रा. भागवतांच्या मराठीतून वाचायला घ्या.

पहिलं प्रकरण न थांबता वाचा. अडलेल्या शब्दाचा पानक्रमांक तेवढा चिठ्ठीवर टिपा. दर ओळीला कोश उघडला की गलबत बंदरातच राहतं! प्रकरण संपलं की पाच-सहाच शब्द निवडा आणि मूळ वाक्यासकट वहीत उतरवा. नुसता अर्थ आठवड्यात विसरतो. तांडेल, डोलकाठी, सुकाणू एकाच पानावर ठेवा, म्हणजे जहाज डोळ्यांसमोर उभं राहतं. ‘नांगर’ म्हटलं की आपल्याकडे उसाचं रान आठवतं. इथे तो जहाज थोपवतो.

कोशात शब्द सापडत नाही तो बहुधा दोन कारणांनी. एक, सामान्यरूप: ‘शिडाला’ वाचलंत तर ‘शीड’ शोधायचं, दीर्घ. दुसरं, जुने अनुस्वार. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत ‘नांव’, ‘कांहीं’ असंच मिळेल.

ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीचीही खूण नको.