ई-निविदा सूचना प्रसिद्ध करताना या चुका टाळा

सरकारी कामासाठी काढलेल्या ई-निविदेच्या पहिल्या मागणीला एकच निविदा आली किंवा एकही आली नाही, की कार्यालयीन टिपणीत ‘प्रतिसाद मिळाला नाही’ अशी नोंद होते आणि फेरनिविदेची तयारी सुरू होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील लहान कंत्राटदारांच्या आणि मजूर सहकारी संस्थांच्या निविदा भरून देण्याचे काम मी करतो. माझा अनुभव असा आहे की, प्रतिसाद देऊ शकणाऱ्या माणसापर्यंत सूचना पोहोचलेलीच नसते, हे अशा वेळी कोणी तपासत नाही. कोकणात याची किंमत मोठी आहे. साकव (ओढ्यावरचा लहान पूल), धूपप्रतिबंधक बंधारा किंवा मासेमारी जेट्टीच्या दुरुस्तीचे काम पाऊस ओसरल्यावर सुरू करून मे अखेरपर्यंत आटोपावे लागते. त्यामुळे फेरनिविदेत गेलेला एक महिना म्हणजे पुष्कळदा हातचा गेलेला हंगाम असतो.

सर्वांत आधी कामाचे नाव पाहावे. महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर ‘विविध ठिकाणी दुरुस्तीची कामे करणे’ एवढ्याच शीर्षकाची निविदा चढवली, तर शोधणाऱ्याला ती सापडणे कठीण असते. शीर्षकात कामाचा प्रकार, गाव, वाडी, तालुका आणि जिल्हा हे सारे यायला हवे. जिल्ह्याचा उल्लेख का, असे कोणी विचारील, तर खेड हा तालुका रत्नागिरीत आहे तसाच पुण्यातही आहे आणि मुरूड नावाचे गाव दापोली तालुक्यात आहे तसेच रायगड जिल्ह्यातही आहे. रोमन लिपीत लिहिताना तर आणखी घोळ होतो, कारण मालवण हे नाव कोणी ‘व्ही’ने लिहितो, तर कोणी ‘डब्ल्यू’ने, आणि शोध-चौकटीला या दोहोंतले नाते कळत नाही. यावर उपाय सोपा आहे. कामाच्या वर्णनात नावाची दोन्ही रूपे द्यावीत आणि पिनकोडच्या रकान्यात कामाच्या ठिकाणचा पिनकोड भरावा. सवयीने तेथे विभागीय कार्यालयाचा पिनकोड भरला जातो आणि मग राजापूरच्या खाडीकाठचे कामही रत्नागिरी शहरात असल्यासारखे दिसते.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त खटकते, ती म्हणजे स्कॅन केलेली सूचना. एका मजूर संस्थेचे सचिव एकदा मोबाइल घेऊन माझ्याकडे आले होते. पडद्यावरची सूचना आडवी होती, अक्षरे पुसट होती आणि कार्यालयाचा निळा गोल शिक्का नेमका अंतिम दिनांकावर उमटला होता, त्यामुळे तो ११ वाचावा की १९, हे आम्हां दोघांनाही ठरवता येईना. त्यांच्याच गावच्या पाखाडीचे (दगडी पायवाटेचे) काम होते. आम्ही ११ धरून धावपळ केली. १९ धरून स्वस्थ बसलेला कोणी असेल, तर त्याचा हक्क एका शिक्क्याने गेला असेल.

संगणकावर टंकलेली सूचना छापायची, तिच्यावर सही-शिक्का करायचा आणि पुन्हा स्कॅन करून चढवायची, या फेऱ्यात शोधता येण्याजोग्या मजकुराचे चित्र होऊन बसते. ते शोधयंत्राला नीट वाचता येत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या मोबाइललाही नीट वाचून दाखवता येत नाही. त्याऐवजी मूळ दस्तऐवजातूनच थेट पीडीएफ तयार करावी आणि तिच्यावर डिजिटल सही करावी. येथे आणखी एक खाच आहे. जुन्या, युनिकोड (संगणकावर अक्षरे साठवण्याची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधली पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा उमटतो. म्हणून प्रसिद्धीपूर्वी एक तपासणी करावी: फाइल मोबाइलवर उघडून गावाचे नाव कॉपी करावे आणि ते स्वतःलाच संदेश म्हणून पाठवावे. नाव जसेच्या तसे उमटले तरच फाइल चढवावी. अर्ध्या मिनिटाचे हे काम आहे.

शुद्धिपत्रकाकडेही तितक्याच काळजीने पाहायला हवे. ‘परिशिष्टातील बाब क्र. ७ खालीलप्रमाणे वाचावी’ एवढेच लिहिल्याने बदल मुदतीत आहे, पात्रतेच्या अटीत आहे की दरपत्रकात, हे कळत नाही. दरपत्रक बदलले असेल तर प्रकरण गंभीर असते, कारण कंत्राटदाराने जुनी एक्सेल फाइल उतरवून दर भरलेले असतात आणि नवी फाइल आल्यावर जुन्या फाइलवरची मेहनत वाया जाते. शुद्धिपत्रकाच्या पहिल्याच ओळीत काय बदलले, जुने काय होते, नवे काय आहे आणि आधी निविदा सादर केलेल्याने ती पुन्हा सादर करायची की नाही, हे स्पष्ट लिहावे. बदल मोठा असेल तर मुदतही वाढवावी. निविदापूर्व बैठकीतील प्रश्नोत्तरे त्याच निविदा क्रमांकाखाली सर्वांसाठी ठेवावीत. फोनवर एकाला दिलेले स्पष्टीकरण दुसऱ्यावर अन्याय करणारे असते.

मुदतीचा विचार दिनदर्शिका समोर ठेवून करावा. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत जाहिरात निविदेसाठी साधारणपणे किमान तीन आठवड्यांची मुदत अपेक्षित आहे. राज्यातील कार्यालयांना राज्याचे नियम लागू असतात. तरीही अल्पमुदतीची निविदा हा अपवाद राहावा, नेहमीची वाट होऊ नये. आर्थिक वर्षाच्या अखेरीस सूचनांची गर्दी होते आणि त्याच सुमारास आमच्याकडे शिमगा असतो. गणपतीच्या दिवसांत तर घरोघर माणसे देवासमोर असतात आणि गणेश चतुर्थीला बँकाही बंद असतात. त्या आठवड्यात बयाणा रक्कम (निविदेसोबतची अनामत) भरण्याचा शेवटचा दिवस ठेवणे म्हणजे स्थानिक माणसाला बाहेर ठेवणे होय, मग तसा हेतू असो वा नसो. पावसाळ्यात वीज आणि रेंज यांचा भरवसा नसतो. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज दीर्घकाळ नव्हती. अशा आपत्तीनंतर चालू निविदांची मुदत कार्यालयाने स्वतःहून वाढवावी, कोणाच्या अर्जाची वाट पाहू नये.

वर्तमानपत्रातील संक्षिप्त जाहिरातीत केवळ ‘अधिक माहिती संकेतस्थळावर’ असे लिहिणे पुरेसे नाही. निविदा क्रमांक आणि क्यूआर कोड दोन्ही द्यावेत, आणि तो कोड संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर न नेता कार्यालयाच्या स्वतःच्या पानावरील त्या कामाच्या माहितीवर नेणारा असावा.

निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे आधीच निश्चित करावी लागतात आणि ठरलेल्यांपैकी किमान दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. एकाची बदली झाली, दुसऱ्याच्या डिजिटल सहीची मुदत संपली, तर सारे अडते. म्हणून शक्य असेल तेथे दोनपेक्षा अधिक अधिकारी नेमावेत.

निकालही संकेतस्थळावर त्याच निविदा क्रमांकाखाली प्रसिद्ध करावा. काम कोणाला, किती रकमेला दिले आणि तांत्रिक लिफाफ्यात (दरांआधी तपासल्या जाणाऱ्या पात्रतेच्या कागदांत) कोण कोणत्या कागदाअभावी अपात्र ठरला, हे दिसले तर अपात्र ठरलेली संस्था पुढच्या वेळी तो कागद जोडून येते. आज कित्येकांना ते कारण विचारण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत जवळच्याच दुसऱ्या कामाची मुदत उलटून गेलेली असते.