सायनसचं ऑपरेशन कुणाचं करायचं? या चुका टाळा

नुसत्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टवरून ऑपरेशनची तारीख देऊ नका. हे मी ज्युनिअरांना सांगून थकलो, तरी दर महिन्याला तेच दिसतं. अहो, साध्या सर्दीतही सायनसचं, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचं, अस्तर सुजतं. काही त्रास नसलेल्यांच्या सीटीतही ते जाड दिसतं. आणि नाकाचा पडदा तर बहुतेकांचा थोडाफार वाकडा असतोच.

नवा होतो तेव्हा मीही हेच केलं. एका बाईंचं कपाळ आणि गाल ठणकायचे, रिपोर्टात अस्तर जाड. नाक मोकळं, वास व्यवस्थित, नाकात दुर्बीण घालून पाहिलं तर पू नाही, पॉलिप (अस्तरावर वाढलेला मऊ कोंब) नाही. तरी ऑपरेशन केलं, आणि झालंही छान. तीन महिन्यांनी त्या परत आल्या, दुखणं जसंच्या तसं. तेव्हा कुठे मी विचारलं, "दुखताना उजेड सहन होतो का?" म्हणाल्या, "नाही हो, अंधार करून पडून राहते. मळमळतंही." मायग्रेन होतं. आणि तो सीटी भर सर्दीत काढलेला होता.

तेव्हापासून सीटीचं पाकीट मी शेवटी उघडतो. आधी विचारतो : नाक चोंदतं का, शेंबूड पुढून किंवा घशात उतरतो का, वास कमी झालाय का, चेहऱ्यावर दाब येतो का. यातली किमान दोन लक्षणं हवीत, त्यात चोंदणं किंवा शेंबूड हवाच, आणि तेही 12 आठवडे. मग दुर्बीण. नुसतं डोकं दुखतं म्हणून सायनस उघडायचं नाही.

दुसरी चूक म्हणजे "औषधांनी फरक पडला नाही" हे वाक्य तसंच मान्य करणं. कुठलं औषध, किती दिवस? स्टेरॉइड स्प्रे रोज, किमान 8 आठवडे झाला पाहिजे. मी बाटली घेऊन बोलावतो आणि समोर मारायला लावतो. दिसतं काय : मान मागे, टोक पडद्याकडे, जोरात हुंगणं. औषध सगळं घशात! खरं असं हवं : मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक कानाच्या दिशेने, श्वास हळू. त्याआधी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं. एवढ्यावर काहींचं ऑपरेशन टळतं. ज्या ज्युनिअरला दोन आठवड्यांत ऑपरेशनची घाई सुटते, त्याच्या हातात मी अजून दुर्बीण देत नाही.

स्नॉट-22, म्हणजे पेशंटने स्वतःच्या त्रासाला गुण द्यायची 22 प्रश्नांची प्रश्नावली, भरून घ्या. 110 पैकी 20 सुद्धा गुण नसतील तर सहसा थांबा.

आजार एकाच बाजूला असेल तर वरच्या दाढांतून संसर्ग आला नाही ना ते तपासा, आणि गाठीची शंका मनात ठेवा.

उलटी चूकही वाईटच. फंगल बॉल (सायनसमध्ये साठलेला बुरशीचा गोळा) किंवा म्यूकोसील (तोंड बंद होऊन शेंबडाने फुगलेला सायनस) असेल तर स्प्रेवर महिने घालवू नका. डोळा सुजला, नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी हालचाल करा.

पॉलिपवाल्यांना "पुन्हा होणार नाही" असं सांगू नका. दमा असेल, ॲस्पिरिन सोसत नसेल, तर ते परत येण्याचा संभव मोठा. ऑपरेशनने औषधाला आत जायला वाट मिळते, आजार संपत नाही. "मग स्प्रे बंद होईल ना?" असं पेशंटने विचारलं, की मी तारीख पुढे ढकलतो आणि पुन्हा समजावायला बसतो.