कॅज्युअल्टीत स्ट्रोकचा (मेंदूच्या झटक्याचा) पेशंट आला आणि हाताशी फार काही नाही, मग काय करायचं

न्यूरोलॉजिस्ट नाही, सीटी (मेंदूचा स्कॅन) आहे पण रात्री टेक्निशियनला घरून बोलवावं लागतं, बेड एक आणि पेशंट चार, अशा ठिकाणी ड्युटी करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गाईडलाइन वाचल्या की त्यात स्ट्रोक टीम, स्ट्रोक युनिट वगैरे असतं आणि वाटतं की हे आपलं कामच नाही, रेफर करून मोकळं व्हावं. पण पहिल्या पंधरा मिनिटांत जे करायचं असतं त्याला घड्याळ, ग्लुकोमीटर आणि फोन एवढंच लागतं, आणि गर्दीत नेमकं तेच राहून जातं.

सुरुवात दारापासून. पेशंट आधी डॉक्टरला नाही, वॉर्डबॉयला किंवा केसपेपरवाल्याला दिसतो, म्हणून त्यांना शिकवून ठेवा: तोंड एका बाजूला गेलंय, हात उचलत नाही, बोलणं जड झालंय, यातलं एक जरी अचानक सुरू झालं असेल तर रांग नाही, केसपेपर नंतर, थेट आत. अर्धं अंग गेलेला पेशंट सहसा चुकत नाही, चुकतो तो चक्कर-उलटीवाला. त्याला आडवं ठेवून इंजेक्शन देतात आणि घरी पाठवतात. अशा माणसाला एकदा बसवून, धरून उभं करून बघा, तोल सांभाळता येत नसेल किंवा एकाचे दोन दिसत असतील तर तो मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक असू शकतो.

आता वेळ. "कधी झालं?" असं विचारू नका, कारण नातेवाईक त्यांनी पाहिलं ती वेळ सांगतात. विचारायचं असं, की शेवटचं धडधाकट कोणी पाहिलं आणि किती वाजता. एकदा एका आजोबांना सकाळी साडेसहाला आणलं, मुलगा म्हणाला सहाला उठवायला गेलो तर हा प्रकार, रात्री दहाला झोपले होते. म्हणजे साडेआठ तास, संपलं, असं आम्ही लिहूनसुद्धा टाकलं. नातू मागे उभा होता, तो हळूच म्हणाला की पहाटे साडेचारला आजोबा बाथरूमला उठले होते, मला लाइट बंद कर म्हणून ओरडले. चालत गेले, स्पष्ट बोलले, म्हणजे घड्याळ साडेचारपासून, दोनच तास झालेले! मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ४.५ तासांपर्यंत देता येतं, त्यामुळे त्या नातवाच्या एका वाक्यावर सगळी केस फिरली. घरातल्या प्रत्येकाला विचारा, पोरांनाही, शेवटचा फोन कधी केला तेही मोबाइलमध्ये बघा.

हे विचारता विचारताच बोट टोचून शुगर बघायची. शुगर खूप कमी झाली की हुबेहूब स्ट्रोकसारखं चित्र दिसतं, ३८ शुगरवाली बाई हात गळालेल्या अवस्थेत येते आणि २५% डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून गेल्यावर त्याच हाताने पदर सावरते. आयव्ही लाइन घेताना रक्ताचे नमुने काढून ठेवा पण रिपोर्टसाठी थांबू नका, इंजेक्शनच्या आधी शुगर एवढीच सक्तीची आहे, फक्त रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) वगैरे बघावं लागतं. सलाइन नॉर्मलच लावा, शुगर कमी नसताना डेक्स्ट्रोज नको. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९४ च्या खाली असेल तरच ऑक्सिजन लावा, उगाच सिलेंडर संपवू नका.

बीपीवर मात्र मला खरंच चिडायला होतं. २००/११० दिसलं की कोणीतरी जिभेखाली निफेडिपिन (बीपी उतरवायचं औषध) फोडतंच! बीपी धाडकन खाली येतं आणि जो भाग कसाबसा जिवंत होता त्याचाही रक्तपुरवठा जातो. सीटीत रक्तस्राव नसेल आणि इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावायचा नाही. इंजेक्शन द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली, तेही शिरेतून लॅबेटालॉलने हळूहळू. रक्तस्राव निघाला तर वरचं बीपी १४० च्या आसपास आणायचं, हा वेगळा हिशोब.

आणि तोंडाने काही नाही. पाणी नाही, गोळी नाही, गिळण्याची तपासणी होईपर्यंत चमचाभरसुद्धा नाही, कारण पाणी फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. अ‍ॅस्पिरिनसुद्धा सीटीच्या आधी नाही. विकसनशील देशांत रक्तस्रावाच्या स्ट्रोकचं प्रमाण जास्त असतं आणि नुसतं तपासून गुठळी की रक्तस्राव हे छातीठोक सांगता येत नाही, कितीही अनुभव असू दे.

सीटी साधा, कॉन्ट्रास्टशिवायचा. टेक्निशियनला फोन पेशंट दारात असतानाच करा, तपासून झाल्यावर नाही. पैसे भरायच्या रांगेत अर्धा तास जातो हे सगळ्यांना माहितीये, म्हणून वरिष्ठांकडून "आधी स्कॅन, मग बिल" असं एकदाच लेखी घेऊन ठेवा, रोज रात्री भांडायला लागत नाही.

रक्तस्राव नाही, वेळेत आहे, बाकी अडचण नाही, तर अल्टेप्लेज (तेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन) किलोला ०.९ मिग्रॅ, जास्तीत जास्त ९०, त्यातलं १०% एका मिनिटात आणि उरलेलं तासाभरात. त्याच कामाचं टेनेक्टेप्लेज असेल तर किलोला ०.२५ मिग्रॅ, जास्तीत जास्त २५, एकाच झटक्यात, पंप नसलेल्या ठिकाणी हे सोपं पडतं. (हृदयविकाराचा टेनेक्टेप्लेजचा डोस याच्या दुप्पट असतो, सवयीने तोच भरला जातो, सिस्टरसमोर मोठ्याने बोलून तपासा.) नातेवाईकांना खरं सांगा: औषध महाग आहे, १९९५ च्या मोठ्या ट्रायलमध्ये शंभरातल्या सहाएक जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता, पण तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहणारेही जास्त होते. इंजेक्शननंतर २४ तास अ‍ॅस्पिरिन नाही.

सीटीच नसेल तर जवळच्या नाही, सीटी आणि इंजेक्शन दोन्ही असलेल्या हॉस्पिटलला पाठवा, आणि फोन करून मशीन चालू आहे का ते विचारून मगच. चिठ्ठीवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, शेवटचं ठीक पाहिल्याची वेळ, मग शुगर, बीपी, चालू गोळ्या, अंदाजे वजन. आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ज्याने शेवटचं ठीक पाहिलं त्यालाच बसवा, घरातला सगळ्यात मोठा माणूस मागून रिक्षाने आला तरी चालेल.