टोर जोडत नाही? आधी घड्याळ बघा

जीपीडी पॉकेटसारख्या इवल्याशा लॅपटॉपवर पेनड्राइव्हने टेल्स (मशीनवर माग न ठेवणारी, पेनड्राइव्हवरूनच चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) चालू केलं, की बूट मेनू आडवा पडलेला दिसतो. पॅनलच मुळात उभा, टॅबलेटसारखा, म्हणून. मान तिरकी करून एंटर दाबा. डेस्कटॉपही तसाच आला तर सेटिंग्जमधल्या डिस्प्लेत दिशा बदला.

खरी डोकेदुखी टोरची, म्हणजे टेल्स ज्यातून इंटरनेटला जातं त्या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कची. परभणीत आधीच लाइट कधी जाईल नेम नसतो, त्यात मी तासभर रेंजलाच शिव्या घालत बसलो होतो. रेंज फुल्ल होती, चुकलं होतं घड्याळ! मशीनवर विंडोज असेल तर आतल्या घड्याळात आपली भारतीय वेळ असते. टेल्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्याहून साडेपाच तास मागे) समजतं आणि साडेपाच तास पुढे पळतं. सकाळचे १० वाजले असतील तर त्याच्या लेखी दुपारचे साडेतीन. ब्रिज (टोर वापरतोय हे लपवणारा आडमार्ग) वापरून जोडताना नेमकं इथंच अडतं.

जोडणी फसली की टेल्सच्या ‘टोर कनेक्शन’ खिडकीत ‘फिक्स क्लॉक’ दिसेल. तिथे टाइमझोन कोलकाता निवडा (मुंबई शोधत बसू नका, यादीत नाही), भिंतीवरच्या घड्याळातली वेळ टाका आणि पुन्हा जोडा. टेल्स बंद केलं की हे विसरतं, त्यामुळे पुढच्या वेळी परत करावं लागू शकतं.